वारसा ‘आणि’ विकास : कोल्हापूरच्या एका शब्दजोडीची झडती



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेवर ‘कोल्हापूर : वारसा आणि विकास’ असा छापला आहे. विषय संयोजकांनी दिला, आम्ही तो आनंदाने घेतला. पण तयारीला बसलो आणि आमचं भांडण जुंपलं ते त्यातल्या सगळ्यात लहान शब्दाशी. ‘आणि’शी. वारसा आणि विकास. म्हणजे वारसा हा एक पक्ष, विकास हा दुसरा पक्ष. एकाच्या खुर्च्या इकडे, दुसऱ्याच्या तिकडे, आणि मध्ये अंतरपाट. (हशा)

हसण्यावारी नेऊ नका, कारण गेली काही वर्षं कोल्हापूरबद्दल जे बोललं जातं, जे आराखडे मांडले जातात, त्या सगळ्यांत हा अंतरपाट धरलेला असतो. वारसा म्हणजे देऊळ, राजवाडा, तालीम, तलाव, पुतळा. विकास म्हणजे रस्ता, उड्डाणपूल, विमानतळ, वाहनतळ. वारशाकडे बघून छाती फुगवायची आणि विकासाची मागणी करायची. आपल्या प्रत्येक सभेचं भाषण या दोन वाक्यांत बसतं.

आमचं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला चुकल्याचुकल्यासारखं व्हायला नको. कोल्हापुरात आज आपण ज्याला वारसा म्हणतो, ती बहुतेक एके काळची चालती कामं आहेत. ती चालत होती तेव्हा त्यांना कुणी वारसा म्हणत नव्हतं. बंद पडली, मग ते नाव मिळालं. आणि जी कामं आजही चालू आहेत, ज्यांच्यावर हजारो घरांतल्या चुली पेटतात, त्यांना वारसा म्हणायचं आपल्याला सुचतसुद्धा नाही. फलक, निधी, भूमिपूजन हे सगळं पहिल्या यादीकडे जातं. दुसरी यादी आपली आपण जगते, नाहीतर मरते. ही टीका कुठल्या एका सरकारवर नाही. ती आपल्या सगळ्यांच्या बोलण्याच्या सवयीवर आहे.

सुरुवात पाण्यापासून करू. शाहू महाराज १८९४ साली गादीवर आले. त्यानंतरच्या सहा वर्षांत १८९६-९७ आणि १८९९-१९०० असे दोन दुष्काळ पडले, वर प्लेगची साथ. १९०२ मध्ये संस्थानाने पाटबंधाऱ्यांचं धोरण आखलं. आता १९०२ हे साल आपल्याला पाठ आहे ते २६ जुलैच्या आदेशामुळे. संस्थानच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा तो आदेश. तो आदेश सामाजिक न्यायाच्या पुस्तकात गेला आणि पाण्याचं धोरण पाटबंधारे खात्यात गेलं. दोन्हींच्या जयंत्या वेगळ्या, वक्ते वेगळे. आम्हाला मात्र ती एकाच प्रश्नाची दोन उत्तरं दिसतात. राज्यात जे काही आहे, पाणी असो की पगार, ते कुणाकुणापर्यंत पोचतं, हा तो प्रश्न.

भोगावतीवरचं राधानगरीचं धरण या धोरणातून आलं. शाहू महाराजांच्या हयातीत ते पुरं झालं नाही. पैसा अपुरा पडला, काम थांबलं. पुढे राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा सुरू झालं आणि पूर्णत्वाला गेलं तेव्हा संस्थानही उरलं नव्हतं. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर मुंबई राज्यात विलीन झालं होतं. म्हणजे एका राजाने सुरू केलेलं काम दुसऱ्या राजाने उचललं आणि लोकशाही सरकारने संपवलं. आज राज्यात भूमिपूजन एका सरकारचं आणि काम बंद दुसऱ्याचं, अशी रीत असताना ही गोष्ट जरा थांबून बघावी अशी आहे.

राधानगरीची साठवण ८.३६ टीएमसी. आजच्या धरणांपुढे ही फार मोठी नाही. पण दर पावसाळ्यात अख्ख्या जिल्ह्याचं लक्ष तिच्या सात स्वयंचलित दरवाजांकडे असतं. पाणी ठरलेल्या पातळीला आलं की माणसाचा हात न लागता ते उघडतात. मग आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतो. ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. हे आकडे कोल्हापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक असतात. हे धरण कुणी ‘हेरिटेज’ म्हणून बघत नाही, कारण ते काम करतंय.

याच्याच शेजारी दुसरी गोष्ट ठेवा. ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’. महाराष्ट्रात कुठल्याही जिल्ह्यात जा, जलसंधारणाच्या कागदात हे नाव सापडेल. नदीत दगडी खांब आणि खांबांच्या खाचांमध्ये बरगे घालायचे. पाऊस सरला की बरगे घालून पाणी अडवायचं, पुढच्या पावसाच्या आत काढून नदी मोकळी करायची. यंत्र असं काहीच नाही. सगळी अक्कल वेळेत आहे. बरगे वेळेवर घालणारी आणि वेळेवर काढणारी माणसं असली तर हा बंधारा उत्तम. ती नसली, बरगे चोरीला गेले, काढायचे राहिले, तर हाच बंधारा गाळ आणि पूर दोन्ही घेऊन येतो. चपलेइतकंच, मिसळीइतकंच कोल्हापूरचं नाव या बंधाऱ्याने राज्यभर नेलं. पण ‘जगात भारी’च्या यादीत तुम्ही बंधारा कधी ऐकलात? आम्ही नाही ऐकला.

या पाण्याने काय केलं, त्याची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे भाषण म्हणजे आरती होईल. पाणी आलं, गावोगाव सहकारी पाणीपुरवठा संस्था उभ्या राहिल्या, उपसा सिंचन वाढलं, ऊस आला, कारखाने आले. उसाने पक्की घरं बांधली, पोरं शिकवली. आणि उसानेच शिरोळकडच्या जमिनी खारवल्या. गावांचं आणि शहरांचं सांडपाणी, उद्योगांची मळी हे सगळं पंचगंगेत गेलं. शेवटी नदीकाठी वसलेल्या कोल्हापूर शहराला पिण्याचं पाणी काळम्मावाडी धरणातून, पन्नासहून जास्त किलोमीटरची थेट जलवाहिनी टाकून आणावं लागलं. काही दशकांच्या मागणीनंतर नोव्हेंबर २०२३ मध्ये ते पाणी शहरात आलं. आम्ही फटाके वाजवले. दाराशी नदी असून तिचं पाणी पिववत नाही म्हणून दुसऱ्या नदीचं आणलं, या गोष्टीला नेमकं काय म्हणायचं? पाणी आलं हा विकासच. पण नदी घाण झाली हा वारशाचा ऱ्हास, अशी आपण वेगळी नोंद करून ठेवतो. नदीघाटाला दिवे लावतो. त्रिपुरी पौर्णिमेला पंचगंगा घाट दिव्यांनी उजळतो, तेव्हा तो खरोखर सुंदर दिसतो. सकाळी पाणी तेच असतं.

शिरोळचं मात्र एक उदाहरण मुद्दाम सांगतो. तिथे खारवलेल्या जमिनीत खोलवर सच्छिद्र पाइप टाकून साचलेलं खारं पाणी काढून टाकायचं काम शेतकऱ्यांनी केलं आणि नापीक झालेली रानं पुन्हा पिकाखाली आली. यातली मेख अशी, की हे काम एकट्याने होत नाही. आपल्या रानातलं पाणी शेजाऱ्याच्या रानातून, त्याच्या पुढच्याच्या रानातून ओढ्यापर्यंत जावं लागतं. म्हणजे सगळ्यांनी मिळून ठरवल्याशिवाय एक पाइपही पुढे सरकत नाही. आम्हाला विचाराल तर सहकाराचा वारसा हा आहे. संस्थेच्या इमारतीवर संस्थापकाचा अर्धपुतळा बसवणं हा नव्हे.

आता गूळ. शाहूपुरीची पेठ १८९५ ची. तिथून गुळाच्या व्यापाराला बाजार मिळाला, कोल्हापूरचा गूळ गुजरातपर्यंत गेला. आजही दिवाळी पाडव्याला मार्केट यार्डात मुहूर्ताचे सौदे निघतात, त्याची बातमी छापून येते. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळालं. एवढं झाल्यावर गुऱ्हाळं वाढली असतील असं कुणालाही वाटेल. उलटं झालंय. आपल्यापैकी जे पन्हाळा, करवीर, कागल भागातले असतील त्यांनी आपल्या गावची गुऱ्हाळं मनात मोजावीत. लहानपणी किती होती, आता किती राहिली.

का बंद पडली? गुऱ्हाळ म्हणजे काय ते आधी बघा. काहिलीत रस, खाली चुलवाणात वाळलेली चिपाडं, रस साफ करायला भेंडीचा चीक, मळी काढत राहायची आणि गुळव्याने डोळ्यांनी, बोटांनी पाक ओळखायचा. घटकाभर उशीर झाला की रंग गेला, लवकर उतरवला की रवा बसत नाही. ही विद्या कुठल्या शाळेत नाही. ती गुळव्याच्या हातात आहे, आणि हंगामभर धगीपुढे उभं राहून त्याला मिळतं काय, हे बघून त्याचा पोरगा एमआयडीसीत जातो. शेतकऱ्याची वेगळीच गणितं. साखर कारखान्याला ऊस घातला की कायद्याने ठरवलेला किमान दर मिळायला हवा, तो मिळाला नाही तर रस्त्यावर उतरायला संघटना आहे. गुळाला असा कुठला तळ नाही, सौद्यात जो निघेल तो दर. वर साखर मिसळून केलेला स्वस्त गूळ बाजारात. बाहेरून आलेला माल कोल्हापुरी म्हणून विकला जातो तो वेगळाच.

या सगळ्यावर मानांकन हा उपाय असू शकतो का? असू शकतो, पण ते नुसतं कुंपण आहे. आत पीक असेल तर कुंपणाचा उपयोग. मानांकन मिळालं त्या दिवशी आपण नावाचं रक्षण केलं. गुळव्याच्या रोजाचं, चुलवाणाच्या धुराचं, भेसळ तपासणाऱ्या प्रयोगशाळेचं काय करायचं ते ठरवायचं राहून गेलं. नाव वाचलं, काम गेलं.

तिसरी गोष्ट शाहू मिलची. सप्टेंबर १९०६ मध्ये महाराजांनी सूत आणि कापडाची ही गिरणी स्थापन केली. संस्थानात कापूस पिकायचा, पण कारखाना नव्हता, हाताला काम नव्हतं. मिलच्या भोंग्यावर शहराची घड्याळं चालायची, असं जुनी माणसं अजून सांगतात. आई डबा भरायची भोंग्यावर, दुकानं उघडायची भोंग्यावर. २००३ मध्ये मिल बंद पडली. कामगारांची घरं विस्कटली. मग त्या जागेवर काय करायचं यावर चर्चा सुरू झाली आणि लवकरच एकमत झालं, कारण अशा वेळी आपलं एकमत फार पटकन होतं. स्मारक. राजर्षींचं भव्य स्मारक.

६ मे २०२२ ला शाहू महाराजांच्या निधनाला शंभर वर्षं झाली. कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी स्तब्ध उभं राहिलं. रिक्षा थांबल्या, दुकानदार उभे राहिले. ते दृश्य खोटं नव्हतं. त्या शंभर सेकंदांत लोकांच्या मनात खरी कृतज्ञता होती, आणि आम्हीही त्यात होतो. पण त्याच वर्षी कृतज्ञता पर्वाचे कार्यक्रम ज्या शाहू मिलच्या आवारात झाले, ती मिल एकोणीस वर्षं स्तब्ध उभी होती. राजाने उभारलेला कारखाना बंद आणि त्या बंद कारखान्यात राजाचं प्रदर्शन. यात कुणाची चेष्टा करायचा हेतू नाही. पण वारसा हा शब्द आपण कधी वापरतो, त्याचं यापेक्षा स्पष्ट उदाहरण आम्हाला सापडलं नाही.

कुणी म्हणेल, कापड गिरण्या मुंबईतही बंद पडल्या, देशभर पडल्या, कोल्हापूरच्या मिलने काय घोडं मारलंय? बरोबर आहे. मिल तशीच चालू ठेवायला हवी होती, असं आमचं म्हणणं नाही. गिरणीचं अर्थकारण बदललं. पण गिरणीमागचा प्रश्न बदलला नव्हता : इथल्या हातांना इथे काम कसं मिळेल? त्या जागेवर स्मारकच करायचं तर त्या प्रश्नाचं करा. तिथे वस्त्रोद्योगाचं प्रशिक्षण असू द्या, पंचवीस-तीस किलोमीटरवरच्या इचलकरंजीच्या यंत्रमागधारकांना लागणारी डिझाइन आणि चाचणीची सोय असू द्या. विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये इचलकरंजीत पहिला यंत्रमाग लावला, म्हणजे मिल आणि माग जवळपास एका वयाचे. एक गेली, दुसरा रडतखडत का होईना चालू आहे. चालू असलेल्याला आपण वारसा म्हणत नाही. त्याला आपण ‘समस्या’ म्हणतो.

जळण्याबद्दलही एक सांगायला हवं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून ते बांधून घेतलं होतं. त्या रात्री शहर रडलं, कलावंत भिंतीला कवटाळून रडले. मागणी एकच होती, ‘होतं तसं’ बांधा. मागणी रास्त आहे. पण थोडं मागे जाऊन विचारू. त्या रंगमंचावर जळण्याआधी स्थानिक नाटक वर्षातून किती रात्री होत होतं? हौशी संस्थेला तालमीला जागा कुठे मिळत होती? नाट्यगृह एका रात्रीत जळालं म्हणून दिसलं. नाटक मंडळी हळूहळू विझतात. त्यांना अग्निशमन दल नसतं. इमारत होती तशी उभी राहीलही. आत पडदा वर करणारे हात हवेत, त्याची तजवीज कुठल्याच निविदेत नसते.

आता आपण सगळ्यात नाजूक जागी येतो. पायताण. कोल्हापुरी चप्पल.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने आपल्या मॉडेलांच्या पायांत कोल्हापुरीसारखी चप्पल घातली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही. पुढचं तुम्हाला माहीत आहे. गदारोळ झाला, पत्रं गेली, कंपनीने भारतीय कारागिरीचं ऋण मान्य केलं, जुलैमध्ये त्यांची माणसं इथे येऊन गेली. उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली, ती फेटाळली गेली. डिसेंबरमध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांबरोबर कंपनीचा करार झाला. इथल्या कारागिरांकडून २,००० जोड करून घ्यायचे, किंमत जोडाला सुमारे ८०० युरो, असं जाहीर झालं. आपण जिंकलो.

जिंकलो हे खरं. पण रागाची जरा तपासणी करू. २०१९ च्या मानांकनात ही चप्पल एकट्या कोल्हापूरची नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे त्यात आहेत. भाषिक सीमेवर आपण सत्तर वर्षं भांडतोय, आणि चपलेने ती सीमा कधीच ओलांडली आहे. हे मोठेपण आपल्या रागात कुठे दिसलं नाही. तिथे फक्त ‘आमचं नाव’ होतं.

आणि आमचं म्हणजे कुणाचं? हा खरा प्रश्न. ढोर समाजाने बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमवायचं, चर्मकाराने तळ कापायचा, बायकांनी घरात बसून वेणी विणायची, वादीने शिवायचं, खिळा मारायचा नाही. ही सगळी कामं ज्या वस्त्यांमध्ये होतात, तिथे बाकीचं कोल्हापूर किती वेळा जातं? चप्पल लाइनीत पाहुण्याला घेऊन जातो, तिथपर्यंतच. कातडं कमावण्याच्या वासाची लाज ज्याच्या वाट्याला पिढ्यान्पिढ्या आली तो वेगळा, आणि फेटा बांधून, चप्पल करकरवत ‘नाद खुळा’ म्हणणारा वेगळा. अभिमान एका घरात, अवहेलना दुसऱ्या घरात. प्राडाने नाव घेतलं नाही म्हणून संतापलेल्या आपण आपल्या पायातला जोड कुणी शिवला त्याचं नाव कधी विचारलं होतं का?

कच्च्या मालाचंही तेच. २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा कडक झाला, बैलाचं कातडं मिळणं अवघड झालं, कारागिराला बाहेरून माल आणावा लागतो, तो महाग पडतो. कायदा बरा की वाईट हा आजचा विषय नाही. पण एका बाजूने चपलेला राज्याची शान म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूने तिला लागणारं कातडं कुठून येणार यावर एक शब्द बोलायचा नाही, हे चालत नाही. हे दोन निर्णय दोन वेगळ्या टेबलांवर झाले. पुन्हा तोच ‘आणि’.

इथे शाहू महाराजांची एक गोष्ट आठवते, ती सगळ्यांना माहीत आहे, पण ती आपण चुकीच्या पुस्तकात वाचतो. गंगाराम कांबळे या अस्पृश्य समाजातल्या माणसाने पाण्याला शिवल्याबद्दल मार खाल्ला. महाराजांनी त्याला भांडवल देऊन चहाचं हॉटेल काढून दिलं. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना. मग महाराज स्वतः गाडी थांबवून तिथला चहा प्यायला लागले आणि बरोबरच्या अधिकाऱ्यांनाही पाजायला लागले. ही गोष्ट आपण औदार्याची म्हणून सांगतो. ती अर्थशास्त्राची म्हणून सांगून बघा. धंद्याला काय लागतं? भांडवल लागतं, जागा लागते आणि गिऱ्हाईक लागतं. गिऱ्हाईक जातीमुळे येत नसेल तर बाजार मोडलेला आहे, आणि तो दुरुस्त करणं हे राज्याचं काम आहे. तिथे वारसा, विकास आणि न्याय हे तीन शब्द वेगळे करताच येत नाहीत. एका कपात तिन्ही आहेत.

म्हणजे संस्थानचा काळ सोन्याचा होता, असं आमचं मुळीच म्हणणं नाही. ते संस्थान होतं. वर ब्रिटिशांचा पोलिटिकल एजंट होता, खाली जहागिरी होत्या, मतदान नव्हतं. राजा चांगला निघाला हे रयतेचं नशीब होतं, अधिकार नव्हता. आज अधिकार आहे. म्हणूनच आजचं अपयश जास्त बोचतं.

आता दुसऱ्या यादीकडे वळू, जी चालू आहे. १९१८ च्या सुमारास बाबूराव पेंटरांनी दादासाहेब मिस्त्रींच्या मदतीने इथेच सिनेमाचा कॅमेरा तयार केला. महाराष्ट्र फिल्म कंपनी, ‘सैरंध्री’, मग १९२९ मध्ये इथेच स्थापन झालेली प्रभात, हा इतिहास आपल्याला तोंडपाठ आहे. १९३३ मध्ये प्रभात पुण्याला गेली, तेव्हापासून आपण उसासे टाकतो. पण त्या गोष्टीतला मिस्त्री कुठे गेला? ते कसब, लेथवर बसून बाहेरचं यंत्र उघडायचं, समजून घ्यायचं आणि आपल्याकडे ओतायचं, हे कसब कोल्हापुरातून कुठे गेलं नाही. ते उद्यमनगरात आहे. उसाच्या चरकाचे सुटे भाग, ऑइल इंजिनं, पंप, आणि आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्रींमधून देशातल्या मोटार कंपन्यांना जाणारे ओतीव भाग, ही सगळी एकच परंपरा आहे. शेताने यंत्र मागितलं, कारागिराने ते केलं, त्यातून कारखाना झाला.

याला कुणी वारसा म्हणतं का? उद्यमनगरात वारसा फेरी निघते का? तिथले रस्ते, गटारं, वीज हे प्रश्न ‘उद्योजकांच्या मागण्या’ म्हणून निवेदनात जातात. वीजदर वाढले की कर्नाटकात जायची भाषा होते, चार दिवस बातम्या येतात, विसरलं जातं. फाउंड्री उद्या सीमेपलीकडे गेली तर पंचवीस वर्षांनी आपण उद्यमनगरच्या एखाद्या गल्लीत ओतकामाच्या आठवणींचं दालन उघडू. फीत कापायला मंत्री येतील.

तर या चष्म्यातून सध्याचे आराखडे बघू. मे २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने अंबाबाई मंदिर परिसराच्या विकासासाठी सुमारे १,४४५ कोटींचा आराखडा मंजूर केला. भाविकांना रांगेत सावली हवी, पाणी हवं, स्वच्छतागृहं हवीत, हे कोण नाकारेल? रिक्षावाला, खानावळ, साज घडवणारा सोनार, हार-ओटीचं दुकान, यात्रेवर शहरातली कितीतरी पोटं भरतात. ती अर्थव्यवस्थाच आहे. आमचा आक्षेप पैशावर नाही. आमचा प्रश्न इतकाच, की देवळाभोवतीच्या जुन्या पेठेत जो राहतो, जो पिढ्यान्पिढ्या तिथे धंदा करतो, तो या आराखड्यात माणूस म्हणून आहे की ‘भूसंपादन’ म्हणून? पेठ रिकामी करून देवळाचं दर्शन मोकळं होईल. पण पेठेशिवाय उरलेलं देऊळ म्हणजे कोल्हापूर नव्हे.

आणि महामार्ग. नागपूर ते गोवा, जाहीर झाली तेव्हा सुमारे ८०२ किलोमीटर लांबी, बारा जिल्हे, नाव ‘शक्तिपीठ’. टीकाकाराने आधी नाव वाचावं. माहूर, तुळजापूर, कोल्हापूर ही तीन पीठं जोडणार. वणीचं अर्धं पीठ नाशिक जिल्ह्यात, ते वाटेत येत नाही. म्हणजे साडेतीनातली तीन. भाविक आज या तीन ठिकाणी पोचत नाहीत का? रत्नागिरी-नागपूर महामार्ग आहेच. मग रस्ता कशासाठी हवा आहे? व्यापारासाठी, बंदरासाठी, मालवाहतुकीसाठी? असेल, आणि ती कारणं कदाचित सबळही असतील. तर ती तशी मांडा, हिशेब दाखवा, वाद होऊ द्या. ज्या बागायती जमिनी त्यात जाणार, तिथला शेतकरी मोर्चा काढतो तो देवीच्या विरोधात नव्हे. ते पाणी त्या रानात आणायला त्याच्या आज्या-पणज्यांच्या पिढ्या लागल्या. पाण्याच्या वारशावरून रस्ता न्यायचा आणि रस्त्याला वारशाचं नाव द्यायचं, यात ‘आणि’ या शब्दाने फार मोठं काम केलं आहे. त्याने प्रश्न झाकला.

वेळ संपत आली. समीक्षकाने दोष दाखवून खाली बसू नये, असं आपल्याकडे म्हणतात, म्हणून एक छोटी सूचना. पुढच्या वेळी कुठलाही आराखडा तुमच्यासमोर येईल, देवळाचा, तलावाचा, चपलेच्या क्लस्टरचा, मिलच्या स्मारकाचा, तेव्हा चित्र बघू नका. चित्रात नेहमी हिरवळ असते आणि फुगे घेतलेली मुलं असतात. (हशा) तीन गोष्टी विचारा. हे झाल्यावर इथे रोज काम कोण करणार? त्याला त्यातून घर चालवता येईल का? आणि त्याची मुलगी किंवा मुलगा हे काम लाज न वाटता पुढे करेल का? तिन्हींची उत्तरं असतील तर त्याला वारसा म्हणा, विकास म्हणा, आमची हरकत नाही, कारण मग ते दोन शब्द राहिलेले नसतील. उत्तरं नसतील तर समजा, की अजून एका चालत्या गोष्टीच्या पुतळ्याची वर्गणी काढली जात आहे.

राधानगरीचे दरवाजे आपोआप उघडतात. बाकीचं कोल्हापूर आपोआप चालत नाही, ते कुणीतरी चालवतं. बरगे काढणारा, पाक ओळखणारा, वेणी विणणारी, साचा भरणारा. या माणसांची नावं आपल्या व्याख्यानांत यायला लागली, तर संयोजकांना पुढच्या वर्षी पत्रिकेवरचा तो ‘आणि’ खोडता येईल.

 प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि पटलं नसेल तर आधी ते विचारा.